अँटिव्हायरस अद्ययावतीकरण (मर्यादित इंटरनेट जोडणीवरील)

अँटिव्हायरस प्रणालीला नव्या घातक प्रोग्रामांची ओळख करून देणाऱ्या फायली वेळोवेळी उतरवून घेणे, त्यासाठी लागणाऱ्या डेटाचे व वेळेचे नियोजन करणे आणि त्याबाबतच्या सूचना आवश्यक तेवढ्याच चालू ठेवणे, असे या व्यवस्थेचे स्वरूप आहे. रोजच्या ठरावीक डेटावर किंवा फोनच्या हॉटस्पॉटवर संगणक चालवणाऱ्यांना तिची विशेष गरज भासते. नाशिक जिल्ह्यात सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत व शहरातील घरांत ब्रॉडबँड रुळले असले, तरी सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर व इगतपुरी या डोंगराळ तालुक्यांत अनेक ठिकाणी मोबाइल डेटावरच काम भागवावे लागते.

या प्रणालींचा उगम कोठे मानावा, याविषयी एकमत नाही. १९७० च्या दशकाच्या आरंभी ‘अर्पानेट’ या संगणकांच्या जाळ्यावर ‘क्रीपर’ हा एका संगणकावरून दुसऱ्यावर जाणारा प्रायोगिक प्रोग्राम फिरत होता व त्याला हुडकून काढून टाकण्यासाठी ‘रीपर’ लिहिला गेला. काही लेखक रीपरलाच पहिले अँटिव्हायरस म्हणतात. मात्र रीपर एकाच प्रोग्रामच्या मागावर होता आणि वाढवत नेता येईल अशी ओळखखुणांची यादी त्याच्यापाशी नव्हती. त्यामुळे अद्ययावतीकरणाची कल्पना त्याला लागू करणे कठीण आहे. १९८६ च्या सुमारास लाहोरमधील दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा विषाणू फ्लॉपीवरून पसरला. १९८७ मध्ये जर्मनीत बेर्न्ट फिक्स यांनी ‘व्हिएन्ना’ विषाणू काढणारा प्रोग्राम लिहिला आणि त्याच वर्षी अमेरिकेत जॉन मॅकॅफी यांनी आपली कंपनी स्थापन केली. प्रस्तुत विषयापुरता हाच कालखंड आरंभ म्हणून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. महाराष्ट्रात पुण्यातील कैलास व संजय काटकर या बंधूंचे ‘क्विक हील’ हे अँटिव्हायरस १९९० च्या दशकाच्या मध्यास आले. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले; त्यापूर्वी व त्यानंतरही काही काळ नव्या ओळखखुणा फ्लॉपीवरूनच ग्राहकापर्यंत पोहोचत.

आजच्या अद्ययावतीकरणाचे तीन थर वेगळे ओळखावे लागतात. पहिला ओळखखुणांच्या फायलींचा, जो दिवसातून अनेकदा बदलतो. दुसरा त्या खुणा वापरून तपासणी करणाऱ्या इंजिनाचा. आणि तिसरा संपूर्ण प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीचा. डेटा वाचवताना हात आखडायचा तो तिसऱ्या थरावर, पहिल्यावर नव्हे. याचे कारण तांत्रिक आहे. बहुतेक प्रणाली दरवेळी संपूर्ण फाइल न पाठवता मागील आवृत्तीपासून झालेला फरक तेवढा पाठवतात. ‘क्लॅमएव्ही’ या मुक्त प्रणालीत अशा फरकाच्या लहान फायलींची साखळी असते. वापरकर्त्याची आवृत्ती फार मागे राहिली आणि मधल्या कड्या सर्व्हरवर शिल्लक नसल्या, की संपूर्ण फाइल नव्याने उतरवावी लागते, आणि क्लॅमएव्हीची मुख्य फाइल एकटीच बरीच मोठी आहे. विंडोजसोबत येणाऱ्या मायक्रोसॉफ्ट डिफेंडर या अँटिव्हायरसबाबतही संगणकावरील आवृत्ती जितकी जुनी तितके डाउनलोड मोठे, असाच नियम आहे. म्हणजे डेटा वाचवण्यासाठी महिनाभर अपडेट बंद ठेवणारा वापरकर्ता शेवटी अधिकच डेटा खर्च करतो, आणि मधल्या काळात त्याचा संगणक नव्या धोक्यांपुढे उघडा राहतो तो वेगळाच. दिवसाचा कोटा संपल्यावर काही योजनांत वेग सेकंदाला ६४ किलोबिटवर येतो. त्या वेगाने १०० मेगाबाइटची फाइल उतरायला सुमारे साडेतीन तास लागतात. खरिपात पीकविम्याचे अर्ज भरण्यासाठी सेवा केंद्राबाहेर रांग लागलेली असताना असे डाउनलोड सुरू झाले, तर अर्जाचे पान उघडेनासे होते आणि चालकाचा हात पहिल्यांदा अपडेट बंद करण्याकडेच जातो. मोठे डाउनलोड सकाळी, कोटा नव्याने मिळाल्यावर आणि गर्दी होण्यापूर्वी उरकणे हा त्यावरचा व्यवहार्य उपाय आहे.

विंडोज १० व त्यापुढील आवृत्त्यांत एखादी जोडणी ‘मीटर्ड’, म्हणजे मोजक्या डेटाची, म्हणून नोंदवता येते. फोनच्या हॉटस्पॉटला संगणक साधे वायफाय समजत असल्याने ही नोंद वापरकर्त्याने स्वतः, त्या-त्या वायफायच्या गुणधर्मांत जाऊन करायची असते. त्यानंतर विंडोजची बहुतेक मोठी डाउनलोड आपोआप होत नाहीत. मात्र ‘विंडोज सिक्युरिटी’ हे विंडोजमधीलच अॅप उघडून ओळखखुणांच्या नव्या फायलींची तपासणी अधूनमधून हाताने करून घ्यावी. एकाच खोलीत तीन-चार संगणक असतील, तर विंडोजच्या सेटिंगमधील ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ या अपडेट वाटून घेण्याच्या सोयीमध्ये केवळ स्थानिक जाळ्यातील संगणकांशी देवाणघेवाण निवडल्याने एकदा उतरलेली फाइल इतरांनाही मिळू शकते. क्विक हीलमध्ये उतरवलेल्या अपडेट फायलींची प्रत ठरावीक फोल्डरमध्ये ठेवण्याची आणि दुसऱ्या संगणकावर त्या तिथूनच उचलण्याची सोय आहे. ‘अवास्ट’ या अँटिव्हायरसमध्ये ओळखखुणांसाठी स्वयंचलित आणि प्रोग्रामच्या आवृत्तीसाठी ‘आधी विचारा’ असे निराळे पर्याय ठेवता येतात. मर्यादित जोडणीसाठी हीच जोडी सर्वांत सोयीची आहे.

नेट अगदीच नसेल, तर शहरातील संगणकावर उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरून पूर्ण फाइल उतरवून पेन ड्राइव्हवर गावी नेता येते. नाशिकच्या गंगापूर रोड, कॉलेज रोड परिसरात झेरॉक्स व प्रिंटच्या दुकानांत एकच संगणक दिवसभर अनेकांचे पेन ड्राइव्ह हाताळतो, आणि सारे फोल्डर अदृश्य होऊन त्यांच्या जागी शॉर्टकट दिसू लागण्याचा प्रकार, ज्याला लोक ‘शॉर्टकट व्हायरस’ म्हणतात, अशाच वाटेने पसरतो. २००८ च्या अखेरीस आढळलेल्या ‘कॉनफिकर’ या घातक प्रोग्रामच्या काही आवृत्त्याही पेन ड्राइव्हचा आधार घेत. म्हणून अपडेटसाठी स्वतंत्र पेन ड्राइव्ह ठेवावा आणि तो छपाईच्या दुकानात लावू नये.

अपडेट तातडीने घ्यावे की थोडे थांबून, याविषयीही मतभेद आहेत. एप्रिल २०१० मध्ये मॅकॅफीच्या एका सदोष अपडेटने विंडोजचीच एक मूलभूत फाइल घातक ठरवली होती. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष फाइलमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. याउलट मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम विंडोजच्या ज्या त्रुटीतून पसरला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच उपलब्ध केलेली होती. घरगुती वा लहान कार्यालयीन वापरात थांबण्यापेक्षा वेळेवर घेण्याचेच पारडे जड दिसते.

सूचनांपैकी धोका आढळल्याची, ओळखखुणा जुन्या झाल्याची व परवान्याची मुदत संपत आल्याची सूचना बंद करू नये. सवलतीच्या, अधिक महागडी आवृत्ती घेण्याच्या व साप्ताहिक अहवालाच्या सूचना निःशंकपणे बंद कराव्यात. पडद्याच्या कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात पाच व्हायरस आहेत’ असे सांगणारी चौकट अनेकदा अँटिव्हायरसची नसतेच. एखाद्या संकेतस्थळाला सूचना पाठवण्याची परवानगी नकळत दिलेली असते आणि ती चौकट ब्राउझर दाखवतो. अशा चौकटीवर संकेतस्थळाचा पत्ता बारीक अक्षरांत असतो, तो आधी वाचावा, आणि ब्राउझरच्या सेटिंगमधून ती परवानगी काढून टाकावी. संशय उरल्यास केंद्र शासनाच्या, फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झालेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरील मोफत साधने वापरता येतात. अँड्रॉइड फोनवर प्ले स्टोअरमधील अॅपची अपडेट केवळ वायफायवर घेण्याचा पर्याय असून तो अँटिव्हायरस अॅपच्या आवृत्तीलाही लागू होतो.