गिम्पमधील बगची नोंद: नवख्यांचे अर्ज कुठे अडकतात

गिम्प या मुक्त चित्र-संपादकात एखादा दोष आढळला, तर त्याची रीतसर नोंद कोणालाही करता येते. त्यासाठी शुल्क नाही आणि प्रोग्रामिंग येण्याची अटही नाही. असे असूनही पहिल्यांदा नोंद करणाऱ्या अनेकांच्या अर्जाला ‘माहिती अपुरी’ असा शेरा मिळतो, नोंद पडून राहते किंवा बंद होते आणि ती व्यक्ती पुन्हा त्या वाटेला जात नाही. ओळखीतल्या फोटो स्टुडिओवाल्यांना आणि विद्यार्थ्यांना अशा नोंदी लिहिण्यात मदत करताना माझ्या लक्षात आले, की अडचण बहुतेक वेळा त्याच चार-पाच जागी येते. या लेखात भर त्या जागांवर आहे. बाकीच्या पायऱ्या सोप्या आहेत.

प्रथम पात्रता, म्हणजे अर्जदाराची नव्हे तर दोषाची. जे आपल्याला बग वाटते ते कधी कधी विचारपूर्वक केलेली रचना असते. ‘सेव्ह’ केल्यावर जेपीजी मिळत नाही, ही तक्रार अजूनही येते. परंतु २०१२ साली आलेल्या २.८ या आवृत्तीपासून ‘सेव्ह’ फक्त गिम्पच्या स्वतःच्या एक्ससीएफ प्रकारात होते आणि जेपीजी किंवा पीएनजीसाठी ‘एक्स्पोर्ट’ वापरावे लागते. ब्रश उमटत नसेल, तर बहुधा कुठेतरी एखादे लहानसे सिलेक्शन राहून गेलेले असते किंवा भलताच लेयर निवडलेला असतो. आपल्याकडे आणखी एक प्रकार वारंवार दिसतो. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर गिम्पमध्ये चिकटवला, की मराठीऐवजी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. त्या फॉन्टमध्ये देवनागरीची चित्रे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, त्यामुळे हा दोष गिम्पचा नाही आणि त्याची नोंद स्वीकारली जाणार नाही.

‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात, ही तक्रार मात्र थोडे थांबून तपासावी. टेक्स्ट टूलच्या पर्यायांमध्ये खाली भाषेचा रकाना असतो. तेथे मराठी निवडल्यावर, फॉन्टमध्ये मराठी वळणाची सोय असेल तर, अक्षरे बदलतात. भाषा बदलूनही काही फरक पडला नाही, तर तोच शब्द त्याच फॉन्टमध्ये इंकस्केप या मुक्त रेखाचित्र-सॉफ्टवेअरमध्ये लिहून पाहावा. अक्षरे मांडण्यासाठी दोन्ही सॉफ्टवेअर पँगो हीच लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, वापरतात. तेथेही तसेच दिसले, तर कारण गिम्पच्या बाहेर, फॉन्टमध्ये किंवा त्या लायब्ररीत असण्याची शक्यता जास्त. बाहेरून बसवलेल्या प्लगइनच्या, म्हणजे जोड-सॉफ्टवेअरच्या, तक्रारीही त्या प्लगइनच्या कर्त्यांकडेच करायच्या असतात. २.१० मध्ये चालणारी पायथन स्क्रिप्ट ३.० मध्ये चालत नाही म्हणून बगची नोंद करू नये, कारण जुन्या स्क्रिप्ट पायथन २ वर चालत होत्या आणि ३.० मध्ये पायथन ३ आले आहे. स्क्रिप्टच नव्याने लिहावी लागते.

आता कागदपत्रांकडे वळू. पहिला ‘कागद’ म्हणजे आवृत्तीचा नेमका क्रमांक, आणि सर्वाधिक अर्ज याच कागदावर अडतात. ‘लेटेस्ट’ हा क्रमांक नव्हे. ‘हेल्प’ मेन्यूतील ‘अबाउट’ उघडून तेथे दिसणारे तिन्ही आकडे लिहावेत. गिम्प ३.० ही आवृत्ती १६ मार्च २०२५ रोजी आली आणि त्यानंतर २.१० मालिकेतील दोषांवर काम होत नाही. पण लिनक्सच्या डेबियन १२ या वितरणावर असणाऱ्याला त्या वितरणाच्या सॉफ्टवेअर-भांडारातून २.१०.३४ मिळते आणि उबंटू २४.०४ वापरणाऱ्याला २.१०.३६. संगणकाने ‘सर्व अद्ययावत आहे’ असे सांगितलेले असते, त्यामुळे वापरणारा निर्धास्त असतो, आणि त्याच्या नोंदीला पहिले उत्तर येते ते ‘नव्या आवृत्तीत तपासा’ असे. यात त्याचा काहीही दोष नाही, तरी हेलपाटा त्यालाच पडतो. तो टाळण्यासाठी लिनक्सवर फ्लॅटपॅक या वितरणापासून स्वतंत्र असलेल्या सॉफ्टवेअर-पॅकेजमधून आणि विंडोजवर गिम्पच्या अधिकृत संकेतस्थळावरील इन्स्टॉलरमधून नवी आवृत्ती घ्यावी, दोष तेथेही येतो का ते पाहावे आणि मगच अर्जाला हात घालावा.

दुसरा कागद म्हणजे गिम्प कुठून घेतले ही माहिती. तीही अर्जात विचारलेली असते आणि तो रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात. अधिकृत इन्स्टॉलर, मायक्रोसॉफ्ट स्टोअर, फ्लॅटपॅक, स्नॅप, वितरणाचे भांडार, यांपैकी प्रत्येक ठिकाणी सोबतच्या लायब्ररी वेगळ्या असू शकतात. एका ठिकाणी येणारा दोष दुसऱ्या ठिकाणी येतच नाही, असे घडते.

तिसरा कागद म्हणजे कोऱ्या सेटिंगवर केलेली चाचणी. गिम्प आपली सेटिंग एका फोल्डरमध्ये ठेवते. विंडोजवर ते ‘अ‍ॅपडेटा’च्या आतील ‘रोमिंग’मध्ये ‘गिम्प’ या नावाखाली, तर लिनक्सवर घरच्या फोल्डरमधील लपलेल्या ‘कॉन्फिग’मध्ये सापडते. गिम्प बंद करावे, त्या फोल्डरचे नाव तात्पुरते बदलावे आणि गिम्प पुन्हा सुरू करावे. फोल्डर पुसून टाकू नये, कारण आपले ब्रश आणि शॉर्टकट त्यातच असतात. कोऱ्या सेटिंगवर दोष नाहीसा झाला, तर तीच मोठी माहिती आहे आणि ती नोंदीत लिहावी.

नोंद ग्नोम या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या गिटलॅबवर, म्हणजे कोड आणि नोंदी ठेवण्याच्या संकेतस्थळावर, करायची असते. २०१८ पूर्वी हे काम बगझिला या जुन्या नोंद-प्रणालीवर चाले आणि जुनी मार्गदर्शने अजून तिकडे पाठवतात. तेथे जाऊ नये. ग्नोमचे गिटलॅब आणि गिटलॅब डॉट कॉम या दोन वेगळ्या जागा आहेत, त्यामुळे एका ठिकाणचा पासवर्ड दुसरीकडे चालत नाही, आणि एवढ्या एका गैरसमजात संध्याकाळ घालवलेली माणसे मी पाहिली आहेत. खाते उघडल्यावर येणारा पडताळणीचा ईमेल स्पॅममध्येही शोधावा. त्यानंतर आधीच्या नोंदींमध्ये शोध घ्यावा, आणि तो बंद झालेल्या नोंदींमध्येही घ्यावा. तीच तक्रार सापडली, तर नवी नोंद न करता त्याच नोंदीखाली आपली आवृत्ती आणि आपले निरीक्षण लिहावे. नुसते ‘मलाही’ असे लिहिण्याने कोणाच्याही हाती काही लागत नाही. त्यासाठी अंगठ्याचे चिन्ह आहे.

अर्जाचा साचा इंग्रजीत आहे आणि उत्तरेही इंग्रजीत द्यायची असतात. इंग्रजी कच्चे आहे म्हणून कोणी मागे फिरू नये. छोटी, साधी वाक्ये पुरतात. व्याकरणामुळे नोंद नाकारली गेलेली मला आठवत नाही. मेन्यूची नावे मात्र इंग्रजीच द्यावीत, आणि आपले गिम्प हिंदीत किंवा अन्य भाषेत असेल, तर ‘प्रेफरन्सेस’मधील ‘इंटरफेस’ या भागातून ते तेवढ्यापुरते इंग्रजीत करून घ्यावे.

साच्याचा प्राण आहे तो दोष पुन्हा घडवून दाखवण्याच्या कृतीत. वाचणारा स्वयंसेवक आपल्या खांद्यावरून पडद्याकडे पाहत नसतो. त्याला आपण लिहिलेल्या पायऱ्या स्वतःच्या संगणकावर करून तोच दोष डोळ्यांनी पाहायचा असतो, आणि तो दिसला नाही तर त्याची इच्छा असूनही तो पुढे जाऊ शकत नाही. समजा, मोठ्या अक्षरांत रफार वरून कापला जातो आहे. ‘मराठी नीट येत नाही’ या वाक्यावर जगातला कोणताही प्रोग्रामर काही करू शकणार नाही. त्याऐवजी असे लिहावे: कोरे चित्र घेतले, १००० बाय १००० पिक्सेल, टेक्स्ट टूल निवडले, फॉन्ट नोटो सॅन्स देवनागरी, आकार २०० पिक्सेल, चित्रावर क्लिक करून ‘सूर्योदय’ हा शब्द चिकटवला. अपेक्षा अशी, की ‘यो’वरचा रफार पूर्ण दिसावा, प्रत्यक्षात त्याचा वरचा अर्धा भाग दिसत नाही. आकार ४० केल्यास रफार पूर्ण दिसतो. प्रत्येक वेळी असेच घडते.

यातील ‘आकार ४० केल्यास पूर्ण दिसतो’ हे वाक्य सोन्याच्या मोलाचे आहे, कारण कुठे शोधायचे हे त्यातून कळते. शिवाय वाचणाऱ्याला देवनागरी येत नाही असेच धरून चालावे. ‘रफार’ म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसते, म्हणून स्क्रीनशॉटवर बाण काढून कापलेली जागा दाखवावी आणि शेजारी योग्य रूपाचेही चित्र द्यावे. तो शब्द नोंदीत मजकूर म्हणूनही चिकटवावा. केवळ चित्रात असलेला मराठी शब्द त्याला स्वतः टाइप करता येणार नाही आणि तपासणी तेथेच थांबेल. दोष कधी येतो, कधी येत नाही, असे असेल तर तसेच प्रामाणिकपणे लिहावे. साच्यात त्यासाठी वेगळा पर्याय दिलेला आहे.

गिम्प अचानक बंद पडत असेल, तर आणखी एक कागद लागतो आणि तोच सर्वांच्या हातून निसटतो. कोसळताना गिम्प अनेकदा एक खिडकी उघडते, तिच्यात तांत्रिक मजकूर असतो आणि तो कॉपी करण्याचे बटण असते. घाबरून ती खिडकी बंद केली, की पुरावा गेला. बटण दाबून तो मजकूर आधी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये साठवावा आणि नोंदीला पूर्ण जोडावा. त्यातले काही कळत नाही म्हणून मधल्या ओळी गाळू नयेत. मोबाइलने काढलेला त्या खिडकीचा फोटो उपयोगी पडत नाही.

येथे एक कळकळीची विनंती आहे. नोंद सार्वजनिक असते आणि तिला जोडलेली फाइल कोणीही उतरवून घेऊ शकतो. ग्राहकाचे आधार कार्ड, लग्नाचे फोटो, मुलांची छायाचित्रे जोडू नयेत. फोटोच्या आत तो कोठे काढला याचे स्थानही नोंदलेले असू शकते. त्याऐवजी तोच दोष दाखवणारी, कोऱ्या चित्रावर केलेली छोटी एक्ससीएफ फाइल बनवावी. कोसळल्यानंतरच्या मजकुरात फोल्डरच्या पत्त्यातून आपले नाव दिसत असेल, तर तेवढे बदलावे.

नोंद केल्यानंतरचे शेरे हीच सर्वाधिक चुकीची वाचली जाणारी गोष्ट आहे. ‘आणखी माहिती हवी’ अशा अर्थाचा शेरा नकार नाही, तो प्रश्न आहे, आणि उत्तर आपल्याकडून अपेक्षित असते. सूचना ईमेलवर येते, ईमेल आपण पाहत नाही, प्रश्न तसाच राहतो आणि काही काळाने नोंद बंद होते. म्हणून पहिले काही आठवडे गिटलॅबवर स्वतः जाऊन पाहावे. बंद झाल्यावरही त्याच नोंदीखाली माहिती देता येते आणि ती पुन्हा उघडण्याची विनंती करता येते. नवख्या माणसाची नोंद एका ओळीत, कारण न सांगता बंद करणे मला पटत नाही, त्याने माणसे कायमची तुटतात. पण समोर पगारी ग्राहक सेवा नसून आपला वेळ देणारी मूठभर माणसे आहेत, हे ध्यानात ठेवून आपण सौजन्यानेच विचारावे.

‘क्लोज्ड’ या शब्दाने तर उलटाही गोंधळ होतो. दुरुस्ती मूळ कोडमध्ये शिरली, की नोंद बंद होते, परंतु आपल्या संगणकावरचे गिम्प तसेच राहते आणि माणूस रागाने लिहितो, की बग अजून आहे. दुरुस्ती आपल्यापर्यंत पुढच्या आवृत्तीबरोबर येते. ती कोणती, हे नोंदीच्या बाजूला ‘माइलस्टोन’ या रकान्यात बहुधा दिलेले असते. ती आवृत्ती आली, की जुन्याच पायऱ्या पुन्हा करून पाहाव्यात आणि दोष तरीही दिसला, तर नव्या आवृत्तीच्या क्रमांकासह त्याच नोंदीखाली लिहावे.