टी-शर्टच्या क्विल्टची पार्श्वभूमी

शाळा किंवा महाविद्यालय संपताना संघांचे, शिबिरांचे आणि शर्यतींचे टी-शर्ट जोडून त्यांची क्विल्ट, म्हणजे वरचे कापड, मधली भरण आणि अस्तर टाक्यांनी एकत्र बांधलेले पांघरूण, करून घेणे अमेरिकेत आता रुळलेले आहे. तिला सरसकट टी-शर्टची गोधडी म्हटले जाते, परंतु गोधडीत जुन्या लुगड्यांचे मऊपण कामी येते, तर येथे कपड्यावर छापलेला मजकूरच जपायचा असतो. तिची मुळे म्हणूनच १८४०च्या दशकातील सह्यांच्या क्विल्टमध्ये शोधावी लागतात. दूर निघालेल्या कुटुंबासाठी आप्तेष्ट एकेका चौकोनावर शाईने नाव लिहून देत. पुढे १८८०च्या दशकात वेड्यावाकड्या रेशमी तुकड्यांच्या क्विल्टमध्ये अधिवेशनांच्या आणि निवडणुकांच्या छापील फितीही शिवल्या गेल्या.

टी-शर्ट मात्र दुसऱ्या महायुद्धापर्यंत मुख्यतः आतून घालायचा कपडा होता. धुण्यात टिकणारी प्लॅस्टिसॉल शाई १९५९च्या सुमारास आल्यानंतर त्यावरील छपाई स्वस्त झाली आणि प्रत्येक प्रसंगाचा वेगळा शर्ट निघू लागला.

ऑक्टोबर १९८७मध्ये वॉशिंग्टनच्या हिरवळीवर एड्सने गेलेल्यांच्या स्मरणार्थ १,९२० फलकांची क्विल्ट अंथरण्यात आली. साधारण एका थडग्याएवढ्या, म्हणजे ३ फूट बाय ६ फुटांच्या या फलकांवर गेलेल्यांचे शर्ट आणि जीन्सही शिवलेल्या होत्या. अंगावरचा कपडा हाच माणसाचा पुरावा आहे, हे त्याआधी इतक्या जाहीरपणे क्वचितच मांडले गेले असेल.

टी-शर्टच्या क्विल्टला शिवणाच्या जगात जागा मिळाली ती मात्र १९८९च्या एका वादग्रस्त निर्णयानंतर. केंटकी राज्यातील पाड्यूका येथील क्विल्टच्या राष्ट्रीय प्रदर्शनात परीक्षकांनी सर्वोच्च पारितोषिक प्रथमच यंत्राने टाके घातलेल्या क्विल्टला दिले. तोवर हाताच्या टाक्यांची बारीक, एकसारखी ओळ हीच कौशल्याची कसोटी मानली जात होती आणि एका इंचात किती टाके बसले हे मोजले जाई. त्यामुळे महिनोन्महिने हाताने काम करणाऱ्यांना हा आपल्या कष्टांचा अवमान वाटला. त्यांचे दुःख खरे होते, परंतु परंपरेचा त्यांचा दाखला टिकणारा नव्हता. एकोणिसाव्या शतकात शिवणयंत्र घरी आल्यावर अनेक स्त्रियांनी यंत्राचे टाके मुद्दाम दिसतील असे घातले होते, कारण यंत्र घरी असणे ही तेव्हा मिरवण्याची गोष्ट होती. शिवाय रंगांची निवड, तुकड्यांची जुळणी आणि यंत्राखाली कापड फिरवण्याचा हात या गोष्टी यंत्र करून देत नाही. परीक्षकांचा निर्णय योग्यच होता.

टी-शर्टच्या क्विल्टच्या दृष्टीने तर या निर्णयाचे मोल फार मोठे आहे. होजिअरीचे कापड कापताच कडांना मुडपते आणि शिवताना ताणले जाते. म्हणून शर्ट उलटा करून छापाच्या मागे, शिंपी कॉलरला लावतात तसे फ्यूजिंग इस्त्रीने चिकटवतात आणि मगच १२ ते १५ इंचांचा चौकोन कापतात. पुढल्या बाजूने छापावर थेट इस्त्री फिरवली तर शाई वितळून इस्त्रीच्या तळाला लागते. असे फ्यूजिंग, जाड शाई, मधला भरणीचा थर आणि अस्तर यांतून हाताने सुई काढणे जिकिरीचे असते. या कामाला यंत्रच हवे, आणि यंत्राचे काम कमअस्सल ठरले असते तर या क्विल्ट कायम घरगुती हौसच राहिल्या असत्या.

पुढे लांब चौकटीवर फिरणारी लाँगआर्म यंत्रे छोट्या व्यावसायिकांच्या हाती आली. इंटरनेटमुळे शर्टांचे खोके टपालाने मागवून तयार क्विल्ट परत पाठवणारे व्यवसाय उभे राहिले आणि क्विल्ट शिवता न येणाऱ्या घरांतही ती पोहोचली. अलीकडे मुलांच्या संघांचे शर्ट बहुतांशी पॉलिएस्टरचे असतात. सुती शर्टाला चालणाऱ्या उष्णतेने ते आक्रसतात किंवा चकाकतात, म्हणून त्यांना कमी उष्णतेवर चिकटणारे वेगळे फ्यूजिंग लावून मगच सुती चौकोनांशेजारी जोडावे लागते.