प्रायश्चित्त (साहित्यातील)

हातून घडलेल्या अपराधाची भरपाई करण्याची धडपड हा कथा-काव्यांतला फार जुना विषय आहे. धर्मशास्त्राने प्रायश्चित्ताला माप लावले. याज्ञवल्क्यस्मृतीचा तिसरा अध्याय त्याच नावाचा असून कोणत्या पातकाला कोणते व्रत, हे तिथे ठरवून दिले आहे. साहित्याला रस असतो तो हे माप अपुरे पडते तिथे.

महाभारतात आप्तवधाच्या पापाने व्याकूळ झालेल्या युधिष्ठिराला व्यास अश्वमेध करायला सांगतात. यज्ञ थाटात पार पडतो, दानाची लयलूट होते, आणि तेवढ्यात अर्धे अंग सोन्याचे असलेले एक मुंगूस येऊन म्हणते, कुरुक्षेत्रातल्या एका उपाशी ब्राह्मणाने पाहुण्याला दिलेल्या प्रस्थभर (प्रस्थ हे धान्याचे जुने माप) सातूची सर या यज्ञाला नाही. त्या ब्राह्मणाच्या घरी मुंगसाचे अर्धे अंग सोन्याचे झाले होते. उरलेले अर्धे युधिष्ठिराच्या यज्ञमंडपात होते तसेच राहिले.

मराठी संतचरित्रांनी प्रश्न उलटाच केला. ज्ञानदेवांचे वडील विठ्ठलपंत संन्यास सोडून गुरूच्या आज्ञेने पुन्हा संसारात आले, म्हणून आळंदीकरांनी कुटुंबाला वाळीत टाकले आणि त्यांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले, अशी परंपरागत कथा आहे. महिपतीच्या ‘भक्तविजया’सह (१७६२) अनेक चरित्रांतून ती येते. पतिपत्नींनी देह टाकले, तरी मुलांना शुद्धिपत्रासाठी पैठणला जावेच लागले. कथा ऐकणाऱ्याला दोषी वाटतात ते प्रायश्चित्त घेणारे नव्हेत, ते सांगणारे.

युरोपीय कादंबरीत हा विषय सर्वांत खोलवर हाताळला तो रशियनांनी. दस्तयेव्हस्कीच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’मध्ये (१८६६) खून केलेला रास्कोल्निकोव्ह त्याच्यावर प्रेम करणाऱ्या सोनियाच्या सांगण्यावरून भर चौकात जमिनीचे चुंबन घेतो, तर बघे त्याला दारूडा समजून हसतात. कबुलीजबाब देऊन तो आठ वर्षांच्या सक्तमजुरीवर सैबेरियात जातो. खरा पश्चात्ताप मात्र कादंबरीच्या अगदी शेवटी डोकावतो. टॉलस्टॉयच्या ‘पुनरुत्थाना’तला (१८९९) नेख्ल्युदोव्ह ज्यूरीत बसलेला असताना समोरच्या आरोपीत कात्युशा मास्लोवाला ओळखतो. तरुणपणी तिला नादी लावून त्यानेच वाऱ्यावर सोडलेले असते. तो तिच्यामागे सैबेरियापर्यंत जातो, लग्नाची तयारी दाखवतो. ती भडकते: या जन्मी माझा उपभोग घेतलास, आता परलोकही माझ्याच जिवावर साधणार का? पुढे ती त्याला माफ करते, पण सोबत निवडते दुसऱ्याची. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला भरपाई नाकारण्याचाही हक्क आहे, हे इतक्या स्पष्टपणे फार थोड्या लेखकांनी दाखवले आहे. या कादंबरीचे मानधन टॉलस्टॉयने रशियात छळ सोसणाऱ्या दुखोबोर या ख्रिस्ती पंथीयांच्या कॅनडातील स्थलांतरासाठी दिले.

इयन मॅकइवन यांच्या ‘अटोनमेंट’मध्ये (२००१) भरपाई घ्यायला कोणी उरतच नाही. लहानपणी खोटी साक्ष देऊन बहिणीच्या प्रियकराला तुरुंगात धाडणारी ब्रायनी मोठेपणी लेखिका होते आणि आपल्या कादंबरीत त्या दोघांची भेट घडवून आणते. प्रत्यक्षात दोघेही १९४०च्या युद्धधामधुमीत मेलेले असतात, हे ती वाचकाला शेवटच्या प्रकरणात सांगते.