सोलापूरची चाके आणि भट्ट्या : इंधनाची पार्श्वभूमी

सोलापूरच्या भूगर्भात कोळसा नाही की तेल नाही. खाली बेसाल्टचा काळा पाषाण, वर काळी माती आणि पाऊस बेभरवशाचा. तरीही १८६० पासून हे शहर बाहेरून आणलेल्या इंधनावर चालते आहे. पर्यायी ऊर्जेचा विषय निघाला की बोलणे सौरपंपापासून सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. त्यात एक गोष्ट नजरेआड होते. इंधन दोन कामांना लागते : चाक फिरवायला आणि भट्टी तापवायला. पहिल्या कामाची व्यवस्था सोलापुरात पुन्हा पुन्हा बदलत गेली. दुसऱ्या कामात मात्र अजूनही काहीतरी जाळावेच लागते.

रेल्वे येण्याआधी दिव्यात करडईचे तेल, चुलीत गोवऱ्या, तुराट्या आणि बाभळीचे सरपण, मोटेला बैल आणि मागाला माणसाचे हातपाय असत. रंगाऱ्याची भट्टी लाकडावर चाले. १८६० मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे सोलापूरपर्यंत पोचली आणि १८७१ मध्ये ती रायचूरला मद्रासकडच्या मार्गाला जोडली गेली. या रेल्वेचा सुरुवातीचा कोळसा इंग्लंडहून जहाजाने मुंबईला उतरे. पुढे वरोऱ्याचा आणि बंगालचा कोळसा आला. म्हणजे सोलापूरला गाडी आली तीच परक्या कोळशावर.

कोळसा दारापर्यंत येऊ लागला म्हणून गिरणी शक्य झाली. मोरारजी गोकुळदासांची सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे आपली जुनी गिरणी, १८७७ मध्ये चालू झाली. मागोमाग लक्ष्मी, नरसिंग गिरजी, विष्णू, जाम उभ्या राहिल्या. वाफेच्या गिरणीला कोळशाइतकेच पाणी लागते आणि १८७१ मध्ये पुरा झालेला एकरुखचा तलाव, म्हणजे हिप्परग्याचा, तोवर तयार होता. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांची गाडी कुर्डुवाडीहून बार्शीला धावू लागली, तीही वाफेवरच.

त्या काळच्या गिरणीतली व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे. लँकेशायर बॉयलरच्या दोन नळ्यांमध्ये जाळ, बाहेरून पाणी. वाफ एका मोठ्या इंजिनात जाई, इंजिनाचे चाक दोरांनी छताखालचा लांब दांडा फिरवी आणि त्या दांड्यावरून प्रत्येक मागाला एकेक पट्टा उतरे. कोळशातल्या उष्णतेपैकी इंजिनाच्या चाकावर दहावा हिस्सा मिळाला तरी उत्तम. त्यातली चौथाई किंवा अधिक ताकद दांडे, बेअरिंग आणि पट्ट्यांच्या घर्षणात जाई. एक माग बंद ठेवला तरी दांडा फिरतच राही. इंधनाचा हिशेब पुरी पाळी चालवली तरच जमे आणि म्हणून सगळे गाव भोंग्यावर उठे. मात्र याच बॉयलरची वाफ सुताला लावायची कांजी शिजवायला, सूत वाळवायला आणि रंगखात्यालाही मिळे. चाक आणि भट्टी एकाच चिमणीखाली होती.

विजेने ही जोडी फोडली. १९६० मध्ये राज्य वीज मंडळ आले, १९६२ पासून कोयनेची वीज मिळू लागली. एका यंत्रमागाला साधारण एक अश्वशक्तीची मोटर पुरते आणि ती घरामागच्या शेडमध्येही बसते. जुनी गिरणी १९६० च्या दशकात बंद पडली, तोवर शहराच्या पूर्व भागात आणि पुढे अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत माग विखुरत गेले होते. गिरण्या बुडण्याची कारणे अनेक आहेत, सगळा दोष किंवा श्रेय मोटरला देता येणार नाही. पण लहान कारखानदाराला गिरणीशी टक्कर देता आली ती मोटरमुळे. माग बंद तर वीज बंद, इतका साधा हिशेब झाला. भट्टीचे काम मात्र सुताला कांजी लावणाऱ्या सायझिंगवाल्यांकडे आणि रंगकाम करणाऱ्या डाईंगवाल्यांकडे वेगळे पडले. त्यांनी आपापले छोटे बॉयलर बसवले. त्यात कधी कोळसा, कधी वेड्या बाभळीचे लाकूड, कधी बगॅस, म्हणजे उसाचा चोथा.

शेतात गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. मोटेची जागा आधी डिझेल इंजिनाने घेतली. १९७२ च्या दुष्काळाने विहिरी आणखी खोल गेल्या आणि १९७३ च्या तेलसंकटाने डिझेल महाग झाले. दोन्ही घाव एकाच शेतकऱ्यावर बसले. वीज पोचली तसे इंजिन मागे पडले. १९८० मध्ये उजनी धरण पुरे झाले आणि ज्वारी-करडईच्या जिल्ह्यात ऊस पसरला. आज राज्यात सर्वाधिक साखर कारखान्यांचा जिल्हा म्हणून सोलापूरचे नाव घेतले जाते, त्याची मुळे या पाण्यात आणि या विजेत आहेत.

तेलसंकटानंतरचा पहिला सरकारी पर्याय गोबरगॅस होता. १९८१ मध्ये राष्ट्रीय बायोगॅस कार्यक्रम सुरू झाला. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण, म्हणजे चार-पाच जनावरे, आणि तितकेच पाणी लागते. कागदावर सोपे आहे. पण दुष्काळी गावात एप्रिल-मेमध्ये रोज ५० लिटर पाणी खड्ड्यात कोण ओतणार? चारा छावणीला जनावरे गेली की शेणही गेले. खड्ड्यातला शेणाचा घोळ घट्ट झाला की वर साय धरते, गॅस अडतो, आणि एकदा बंद पडलेले संयंत्र पुन्हा चालू करायला आठवडे जातात. स्वयंपाकघरातला खरा बदल सिलिंडरने केला आणि तोही खनिज इंधनाचाच. पेट्रोल-डिझेल तर आता मुंबई-पुणे-सोलापूर वाहिनीतून थेट सोलापूरजवळच्या पाकणीच्या डेपोत उतरते.

चाकासाठी विजेचा पर्याय आला, पण ती वीज कशाची, हा प्रश्न उरला. कोयना एकटी पुरणार नव्हती. राज्याची वीज वाढली ती कोराडी, चंद्रपूर, परळी अशा कोळशाच्या केंद्रांवर. मग कोळसा थेट सोलापूरलाच आला. दक्षिण सोलापूर तालुक्यात फताटेवाडीजवळ एनटीपीसी या केंद्र सरकारच्या वीज कंपनीचे ६६० मेगावॉटचे दोन संच आहेत. पहिला २०१७ मध्ये आणि दुसरा २०१९ मध्ये व्यापारी उत्पादनात आला. दोन्ही संच पूर्ण भाराने चालले तर दिवसाला सुमारे ३ कोटी १७ लाख युनिट होतात. भारतीय कोळशावर युनिटमागे साधारण ६५० ग्रॅम धरले तर रोज २० हजार टन, म्हणजे कोळशाच्या पाच पूर्ण मालगाड्या. या कोळशात राख ३० ते ४० टक्के असते. सहा ते आठ हजार टन राख रोज कुठेतरी न्यावी लागते : सिमेंट, विटा, रस्त्याचा भराव, नाहीतर राखेचा तलाव. नव्या केंद्रांसाठी पाण्याची मर्यादा मेगावॉट-तासाला ३ घनमीटर आहे. त्या हिशेबाने पूर्ण भाराला दिवसाचे साडेनऊ कोटी लिटर होते आणि पाणी उजनीचे.

हे आकडे पूर्ण भाराचे आहेत. प्रत्यक्षात कोणते केंद्र किती चालवायचे हे युनिटच्या बदलत्या, म्हणजे मुख्यतः इंधनाच्या, खर्चावर ठरते, स्वस्त केंद्र आधी. खाणीपासून लांबच्या केंद्राला कोळशाबरोबर रेल्वेचे भाडेही भरावे लागते, त्यामुळे ते रांगेत मागे पडते. दुपारी सौर वीज भरपूर असली की असे संच खाली आणावे लागतात आणि संध्याकाळी पुन्हा चढवावे लागतात. कमी भारावर बॉयलरची कार्यक्षमता घटते, तापमानाच्या चढउताराने नळ्या थकतात, आणि एका खालच्या पातळीनंतर जाळ स्थिर ठेवायला तेल फवारावे लागते. परळीचे केंद्र २०१३ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. उन्हाळ्यात ‘उजनी वजा’, म्हणजे धरण वापराच्या पातळीखाली गेले, हा मथळा वाचायची सवय झालेल्या जिल्ह्याने ते विसरू नये.

तरीही एक श्रेय द्यायला हवे. जुन्या गिरणीत कोळशाचा दहावा हिस्सा कामी येई. एनटीपीसीच्या सुपरक्रिटिकल, म्हणजे अतिउच्च दाबाच्या, संचात ४० टक्क्यांच्या आसपास मिळतो आणि वाहिन्यांतली गळती वजा जाता मागापर्यंत तिसरा हिस्सा तरी पोचतो. शहराबाहेर गेलेली चिमणी नुसती डोळ्यांआड झाली नाही, ती कमी कोळशात काम करू लागली.

जिल्ह्याचे स्वतःचे म्हणावे असे इंधन एकच, उसाचे बगॅस. टनभर उसातून २८० ते ३०० किलो बगॅस निघते, त्यात निम्मे पाणीच. किलोभर बगॅसमागे साधारण सव्वादोन किलो वाफ होते. पूर्वी कारखाने ते कमी दाबाच्या बॉयलरमध्ये कसेही जाळून टाकत, कारण उरले तर ठेवायचे कुठे हीच अडचण. सहवीजनिर्मितीत बॉयलरचा दाब चौरस सेंटिमीटरला ६७ ते ११० किलोपर्यंत गेला. ती वाफ आधी टर्बाइन फिरवते आणि बाहेर पडताना रस उकळते. चाक आणि भट्टी पुन्हा एकत्र आली आणि हे तंत्र खरोखर चांगले आहे. अडचण आहे ती हंगामाची. गाळप चार-पाच महिने, दुष्काळी साली त्याहून कमी. साठवलेले बगॅस कुजते, आतून तापते, पेटतेही. दुसरी अडचण सोलापूरची खास आहे. सिद्धेश्वर साखर कारखान्याची सहवीज प्रकल्पाची सुमारे ९० मीटरची चिमणी विमानतळाला अडथळा ठरली आणि १५ जून २०२३ रोजी पाडली गेली. त्यानंतर जून २०२५ मध्ये प्रवासी विमाने उडू लागली. भुशावरची वीज आणि विमानाचे केरोसिन इतके समोरासमोर क्वचितच येतात.

इथेनॉलचे कौतुक थोडे जपूनच करावे. २००३ मध्ये काही राज्यांत पेट्रोलमध्ये ५ टक्के मिश्रण सुरू झाले, २०२५ मध्ये ते २० टक्क्यांवर गेले. थेट रसापासून टन उसाला सुमारे ७० लिटर इथेनॉल मिळते. एकरी ३५ टन उतारा धरला तर २,४५० लिटर. पाटपाण्यावरच्या उसाला वर्षात दोन मीटर पाणी म्हटले तर एकरी ८० लाख लिटर. भागाकार केला की लिटरमागे तीन हजार लिटरहून जास्त पाणी. ठिबकने हे एक तृतीयांशाने किंवा थोडे अधिक उतरते. त्यात लिटरभर इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांश. मळीपासून केले तर पाण्याचा बोजा साखरेवर टाकता येतो, हा युक्तिवाद बरोबर आहे. पण मळी ठरावीकच निघते. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल म्हणून केंद्राने रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले, तेव्हा आसवनीत, म्हणजे डिस्टिलरीत, पैसे गुंतवलेल्यांना या इंधनाचा खरा मालक पाऊस आहे हे कळले. निर्बंध ऑगस्ट २०२४ मध्ये उठले. शिवाय लिटरभर इथेनॉलमागे ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश, म्हणजे आसवनीचे सांडपाणी, निघतो. तो आटवून जाळावा लागतो किंवा त्यापासून गॅस करावा लागतो.

ऊन मात्र इथे भरपूर. छतावरच्या एक किलोवॉटच्या पॅनेलमधून वर्षाच्या सरासरीने रोज चार युनिटच्या आसपास मिळतात. पण हवा ४२ अंशांवर असताना पॅनेल ६५ ते ७० अंशांवर जाते आणि २५ अंशांच्या वर दर अंशाला ०.४ टक्के उत्पादन घटते. मे महिन्यात १६ ते १८ टक्के असेच जातात. बोअरच्या जड पाण्याने धुतले तर काचेवर क्षारांचा पांढरा थर बसतो. धुवायचे तर पहाटे आणि मऊ पाण्याने, भर दुपारी तापलेल्या काचेवर पाणी मारू नये. कारखान्याच्या शेडवर सिमेंटचे पत्रे असतील तर पॅनेल त्यांवर टेकवू नयेत. सांगाडा खांबांवर घ्यावा, कारण मागांच्या हादऱ्याने पत्र्याची भोके रुंदावतात.

सौरपंपाबद्दल सर्वात जास्त येणारी तक्रार अशी : ‘ढग आले की पाणी निम्मे नाही, साफ बंदच होते.’ कारण साधे आहे. ऊन निम्मे झाले की मोटरला निम्मी ताकद मिळते. ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात असल्याने वेग ७९ टक्क्यांवर येतो आणि पाणी चढवण्याची उंची वेगाच्या वर्गाप्रमाणे ६३ टक्क्यांवर. ७० मीटरसाठी बसवलेला पंप तेव्हा ४४ मीटरच उचलतो. बोअरमधले पाणी ५० मीटरवर असेल तर थेंबही येणार नाही. तीन अश्वशक्तीला ३,००० वॉट आणि पाचला ४,८०० वॉट हे पॅनेलचे ठरलेले माप आहे. खोल बोअर असेल तर पंप निवडताना मे महिन्यातली पाण्याची पातळी सांगावी, दिवाळीतली नव्हे. पाणी टाकीत किंवा शेततळ्यात साठवून तिथून ठिबक चालवले तर ढगांचा त्रास निम्म्याने कमी होतो.

आता भट्टी. टॉवेलच्या कारखान्यात ब्लिचिंग ९५ अंशांपुढे, रिअ‍ॅक्टिव्ह रंग ६० ते ८० अंशांवर आणि साबणाची धुलाई पुन्हा ९० च्या वर होते. सायझिंगमध्ये वाफेने तापलेल्या सिलिंडरवर ताणा वाळतो. हे सगळे विजेवर न्यायचे तर एक किलो कोळशाच्या कामाला तीन युनिट पडतात. कोळसा किलोला आणि वीज युनिटला कितीला पडते हे ज्याने त्याने आपल्या बिलात पाहावे. मालक बॉयलर का सोडत नाहीत हे तिथेच कळते.

पण सगळी उष्णता ९५ अंशांची नसते. हजार लिटर पाणी २८ वरून ६० अंशांवर न्यायला ३२,००० किलोकॅलरी लागतात. त्यासाठी छोट्या बॉयलरमध्ये सुमारे १२ किलो कोळसा किंवा १५ किलो वाळलेले लाकूड जाते. हेच काम उन्हावर पाणी तापवणारे, दोन चौरस मीटरचे आठ-दहा सौर संग्राहक एका दिवसात करतात. हवेतली उष्णता ओढून पाण्याला देणारा हीट पंपही साधारण एका युनिटमध्ये तीन युनिटांची उष्णता देतो, पण ६०-६५ अंशांपर्यंतच. बोअरचे पाणी थेट संग्राहकात सोडले तर वर्षा-दोन वर्षांत नळ्या क्षाराने भरतात. मध्ये पाणी न मिसळता उष्णता देणारा हीट एक्स्चेंजर किंवा आधी पाणी मऊ करणारा सॉफ्टनर हवाच. बॉयलरमध्ये भरायचे (फीडचे) पाणी दर ६ अंश जास्त गरम मिळाले की इंधन एक टक्का वाचते, म्हणून सिलिंडरमधून गटारात जाणारे कंडेन्सेट, म्हणजे वाफेचे झालेले गरम पाणी, परत आणणे हे पहिले काम. स्टीम ट्रॅप, म्हणजे वाफ अडवून फक्त पाणी सोडणारी झडप, उघडा अडकला की वाफ वाया जाते : तीन मिलिमीटरचे भोक ७ किलो दाबाला ताशी ३० किलो वाफ उडवते.

साठच्या वरच्या तापमानासाठी अजून जाळावे लागतेच. तिथे पांढरा कोळसा, म्हणजे बगॅस किंवा भुईमुगाच्या टरफलांच्या कांड्या, बऱ्याच ठिकाणी चालतो. त्यात ओल १० टक्क्यांच्या आत हवी. पावसाळ्यात उघड्यावर पडलेली कांडी फुगून भुगा होते, जाळीतून खाली सांडते, राखेत न जळलेला माल जातो आणि मग मालक पुन्हा दगडी कोळशाची गाडी मागवतो. माल उतरवण्याआधी कांडी मोडून बघावी आणि साठवायला पक्के छप्पर बांधावे. बॉयलर बदलण्याआधी हा खर्च धरलेला असावा.