मोबाइलवरची पावती आणि सरकारी चलन: खिडकीवर नेमकं काय चालतं?

“साहेब, पैसे कटलेत. हा बघा मेसेज.”
“मेसेज राहू द्या. चलन दाखवा.”

रोख घेणं बंद झालेल्या कुठल्याही सरकारी कार्यालयात हा संवाद ऐकू येतो. समोरच्याला वाटतं, कारकून मुद्दाम अडवतोय. कारकुनाला वाटतं, माणूस अर्धवट काम करून आलाय. गंमत म्हणजे दोघांचंही बरोबर असतं. पहिला बोलतोय बँकेबद्दल, दुसरा कोषागाराबद्दल. बँकेतून पैसे जाणं आणि सरकारकडे भरणा होणं या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि त्यांचे पुरावेही वेगळे आहेत.

मोबाइलवरची पावती काय सांगते? अमुक खात्यातून तमुक खात्यात, इतक्या वाजता, इतके रुपये गेले. सोबत यूपीआयचा 12 आकडी संदर्भ क्रमांक. पैसे कशासाठी दिले, हे ती सांगत नाही. दुकानदाराचं त्यावाचून अडत नाही, कारण पैसे त्याच्या खात्यात आले की व्यवहार संपला. सरकारी कार्यालयाचं तसं नाही, कारण कार्यालयाला स्वतःचा गल्लाच नसतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद 266 प्रमाणे राज्याचा सगळा महसूल राज्याच्या एकत्रित निधीत जमा व्हावा लागतो, आणि तोही ठरलेल्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे जमा कोणत्या प्रकारची हे सांगणाऱ्या सरकारी हिशेबातल्या क्रमांकाखाली. जमीन महसुलाचं लेखाशीर्ष 0029, मुद्रांक आणि नोंदणी फीचं 0030, वाहनांवरच्या कराचं 0041. खिडकीवर आलेल्या फीमधून साहेबांना परस्पर चहासुद्धा मागवता येत नाही. (मागवला जात नाही, असं मी म्हणत नाही.) त्यामुळे नुसते ‘पैसे आले’ म्हणून भागत नाही. कोणत्या कार्यालयासाठी, कोणत्या कारणाने, कोणाच्या नावे आले, हे त्या रकमेला चिकटलेलं असावं लागतं. ते चिकटवणारा कागद म्हणजे चलन.

महाराष्ट्रात हे चलन ‘ग्रास’ या राज्य शासनाच्या ऑनलाइन भरणा प्रणालीवर निघतं. कागद हातात घेऊन वाचला तर बरंच कळतं. वर ‘चलन, एमटीआर फॉर्म नंबर 6’ असं छापलेलं असतं. त्याखाली जीआरएन, म्हणजे ‘एमएच’ने सुरू होणारा सरकारचा लांबलचक संदर्भ क्रमांक; त्याच्या शेवटच्या आकड्यांत आर्थिक वर्षही असतं. मग विभाग, भरण्याचा प्रकार, कार्यालयाचं नाव, भरणाऱ्याचं नाव, रक्कम. एका बाजूला बँकेचा भाग: सीआयएन (पैसे मिळाल्यावर पडणारा चलनाचा ओळख क्रमांक), बँकेची तारीख, आरबीआयची तारीख, स्क्रोल (म्हणजे बँकेच्या भरणा-यादीचा) क्रमांक. भरणा ताजा असेल तर तिथे ‘नॉट व्हेरिफाइड विथ आरबीआय’ असं दिसतं आणि पहिल्यांदा चलन काढणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. घाबरायचं कारण नाही. बँकेने पाठवलेल्या यादीशी ताळमेळ व्हायचा बाकी आहे, एवढाच त्याचा अर्थ. सीआयएनची जागा कोरी आहे का, ते मात्र आधी बघा.

कारण खरी गोची इथेच आहे. जीआरएन तयार होतो पैसे भरण्याच्या आधी. माहिती भरून पुढे गेलात की लगेच. सीआयएन येतो पैसे भरल्यानंतर, बँकेने ‘मिळाले’ असं उलट कळवल्यावर. मधल्या वेळात नेट गेलं, बँकेचं पान अडकलं किंवा कोणी मागे जाण्याचं बटण दाबलं, तर हातात जीआरएन असतो, मोबाइलवर पैसे कटल्याचा मेसेज असतो आणि चलन अर्धवट असतं. रजिस्टर पत्र टाकल्याची पोस्टाची पावती आणि पलीकडून सही होऊन आलेली पोचपावती यांत जो फरक, तोच इथे. मेसेज ही पहिली, सीआयएन असलेलं चलन ही दुसरी.

असं अडकलं की लोक सर्वांत आधी काय करतात? पुन्हा पैसे भरतात. तेवढं करू नका. ग्रासवर जीआरएन टाकून चलन शोधता येतं. बऱ्याचदा काही वेळाने सीआयएन आपसूक उमटलेला असतो आणि दुसऱ्यांदा भरलेले पैसे परत मिळवणं हे नवीनच दुखणं होऊन बसतं. सीआयएन आलाच नाही, तर मामला तुमचा आणि बँकेचा. रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार यूपीआयने पैसे कटले पण समोरच्याकडे व्यवहाराची पुष्टी पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत रक्कम आपोआप खात्यात परत यायला हवी. त्यापुढच्या प्रत्येक दिवसासाठी 100 रुपये भरपाई. तुमच्या स्क्रीनशॉटला किंमत आहे ती इथे, बँकेच्या तक्रारीत. उलट, सीआयएन उमटला असेल तर पैसे सरकारजमा झाले. मग बँक हात वर करते आणि परताव्याचा अर्ज संबंधित विभागाकडेच द्यावा लागतो. तिथे स्क्रीनशॉट कोणी विचारत नाही, जीआरएन विचारतात.

आणखी एक फरक लोकांच्या लक्षात येत नाही. मोबाइलवरची पावती ‘वापरली’ जात नाही. एकच स्क्रीनशॉट चार टेबलांवर दाखवता येतो. चलनाचं तसं नाही. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवताना ते चलन प्रणालीत ‘डिफेस’ करतात, म्हणजे ‘वापरलं’ असा शिक्का मारल्यासारखं. डिफेसचा क्रमांक, तारीख, रक्कम, सगळं नोंदलं जातं आणि तेच चलन दुसऱ्या दस्ताला चालत नाही. नोंदणीसाठीच्या चलनावर खाली बारीक अक्षरात सूचनाही असते, की हे चलन दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी करायच्या दस्तासाठीच लागू आहे. नोंदणी न करायच्या दस्ताला हे चलन जोडणारे महाभाग ती ओळ वाचत नाहीत. कार्यालयाचं नाव निवडताना घाई करणारेही तसेच. पैसे पूर्ण भरलेले, सीआयएन आलेला, आणि चलन भलत्याच कार्यालयाच्या नावे!

आता खिडकीच्या आतल्या बाजूने बघू. ‘आपलं कार्यालय कॅशलेस करा’ असा वरून आदेश आला की सोपा मार्ग म्हणजे क्यूआर कोडचा कागद काचेवर चिकटवणं. माझ्या मते हे निम्मंच काम आहे. चिकटवलेल्या कोडवर कोणीही कितीही रक्कम पाठवू शकतो. ती कोणत्या अर्जाची, हे कोडला माहीत नसतं. मग संध्याकाळी रोखपाल बँकेचं विवरण आणि दिवसभराचे अर्ज समोर घेऊन जोड्या लावत बसतो. वीस रुपयांच्या पंधरा रकमा, आणि पाठवणारे भलतेच, कारण अर्ज काकांचा आणि पैसे पुतण्याच्या मोबाइलवरून. नोटा मोजायच्या वाचल्या, पण ताळमेळ दुप्पट झाला. याउलट प्रत्येक अर्जागणिक वेगळा तयार होणारा क्यूआर असेल तर रक्कम आणि संदर्भ क्रमांक त्यातच असतात, आणि पैसे आले की नोंद योग्य अर्जासमोर पडते. नागरिकाला दोन्ही कोड सारखेच दिसतात. कार्यालयासाठी तो काचेवरचा कागद आणि हा पडद्यावरचा कोड यांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

काचेवरच्या कोडबद्दल सावधगिरीचीही एक गोष्ट. पिन टाकण्याआधी मोबाइलवर खातेदाराचं नाव दिसतं. तिथे कार्यालयाऐवजी एखाद्या व्यक्तीचं नाव आलं तर थांबा. ‘माझ्या नंबरवर टाका, मी भरतो’ हे वाक्य कितीही आपुलकीने आलं तरी तो सरकारी भरणा नाही, आणि त्याचं चलन तुम्हाला मिळेलच याची खात्रीही नाही. पैसे फीपेक्षा जास्त मागत असतील तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक आहेच.

हे सगळं राज्य शासनाच्या कार्यालयांना लागू. ग्रामपंचायत आणि नगरपालिका यांचा निधी स्वतंत्र असतो, त्यांचं बँक खातंही स्वतःचं. त्यामुळे घरपट्टी भरायला ग्रासचं चलन शोधत बसू नका. ग्रामपंचायतीच्या खात्याचा क्यूआर चालतो. पावती मात्र तिथेही वेगळी घ्यायची असते, नमुना 10 ची. ती दिली की ग्रामपंचायतीच्या दप्तरात तुमची रक्कम चढते.

डिजिटल सहीचा सातबारा काढणाऱ्यांची गत आणखी तिसरीच. उताऱ्याला 15 रुपये लागतात, पण ते थेट उताऱ्यासाठी जात नाहीत. आधी पोर्टलवरच्या तुमच्या खात्यात शिल्लक म्हणून जमा होतात आणि उतारा उतरवताना त्यातून वळते होतात. बँकेतून गेले पण शिल्लक वाढली नाही, अशी तक्रार इथे नेहमीची. त्यासाठी पोर्टलवरच भरण्याची स्थिती तपासायची सोय आहे. तलाठ्याकडे जाऊन उपयोग नाही, त्याच्या दप्तरात हा व्यवहार दिसतच नाही.