पारिसींचं पॅरिस: गॉल टोळ्यांची नावं शहरांना कशी लागली

सीन नदीवरच्या गावाला रोमन लोक लुतेतिया म्हणत. तो मुलूख पारिसी या गॉल टोळीचा; गॉल म्हणजे साधारण आजचा फ्रान्स. लुतेतिया आता इतिहासाच्या पुस्तकांत उरलं, आणि टोळीचं नाव पॅरिस म्हणून जगाच्या तोंडी बसलं. दुरोकोर्तोरमला रेमींचं नाव लागून रेंस झालं, सामारोब्रिव्हाला आंबियानींचं लागून आमियें. तूर, नांत, रेन, शार्त्र, लिमोज यांचीही तीच कथा.

यातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट म्हणजे ही नावं जगवली ती जेत्यांच्या कारभाराने. ज्युलियस सीझरने इ.स.पू. ५८ मध्ये गॉलमध्ये मोहीम उघडली. इ.स.पू. ५२ मध्ये बितुरिगेस टोळीचं आव्हारिकम पडलं, तेव्हा आतल्या सुमारे ४०,००० जणांपैकी जेमतेम ८०० वाचले, असं तो स्वतःच लिहितो. पण पुढे पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या काळात कारभाराची घडी बसवताना रोमने बहुतेक टोळ्यांचे मुलूख तसेच ठेवले आणि त्यांनाच प्रशासनाचे घटक केलं. अशा घटकाला सिव्हितास म्हणत. त्याच्या मुख्य नगराच्या नावापुढे टोळीचं नाव जोडलं जाई: लुतेतिया पारिसिओरुम, म्हणजे पारिसींचं लुतेतिया. तिसऱ्या-चौथ्या शतकात या जोडनावातला पहिला भाग गळत गेला. नंतर चर्चने बिशपांचे प्रांतही बहुतांशी याच हद्दींवर आखले, त्यामुळे साम्राज्य कोसळलं तरी नावं हलली नाहीत.

ज्या बितुरिगेसांची एवढी कत्तल झाली, त्यांचं नाव तर दोन रूपांत उरलं. आव्हारिकमचं बूर्ज झालं आणि भोवतालचा प्रांत बेरी. मूळ शब्द एकच. उच्चारात जोर ‘तु’वर पडला तिथून बूर्ज आलं, ‘रि’वर पडला तिथून बेरी.

दक्षिणेत मात्र हे फारसं घडलं नाही. तो भाग रोमकडे आधीच गेला होता. नार्बोन, आर्ल, नीम या वसाहतींनी आपापली नावं राखली. उत्तरेतही अपवाद आहेत. एदुई हे रोमचे जुने मित्र, पण त्यांच्या ओतँ शहराचं नाव आलं ऑगस्टोदुनमवरून, म्हणजे सम्राटावरून. सीझरशी झुंजलेल्या व्हर्सिंजेटोरिक्सच्या आर्व्हेर्नींचं नाव ओव्हेर्न्य प्रांताला मिळालं. त्यांचं नगरही काही शतकं त्यांच्याच नावाने ओळखलं जाई; मध्ययुगात तिथल्या किल्ल्यावरून ते क्लेरमाँ झालं.