गाडी आपली, सेल परका

इलेक्ट्रिक गाड्यांविषयी गाडीवेड्यांमध्ये जो वाद रंगतो, तो बहुधा इंजिन श्रेष्ठ की मोटर श्रेष्ठ या प्रश्नाभोवतीच फिरत राहतो. आपल्याकडचा इतिहास पाहिला तर हा प्रश्न केव्हाच निकालात निघालेला दिसतो. मुंबईत विजेची ट्राम 7 मे 1907 रोजी धावू लागली, 3 फेब्रुवारी 1925 रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची रेल्वे सुरू झाली आणि 1930 पासून दख्खनची राणी विजेच्या इंजिनाच्या बळावर बोरघाट ओलांडू लागली. घाटातल्या चढावर विजेची मोटर काय करू शकते, हे आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने पाहिले होते. मात्र या सगळ्या गाड्यांना वीज मिळत होती ती डोक्यावरच्या तारेतून. तार सोडून वीज सोबत वाहून न्यायची म्हटले की अडचणी सुरू होतात, आणि भारतीय इलेक्ट्रिक मोटारीची सगळी कहाणी याच एका अडचणीची कहाणी आहे, असे माझे ठाम मत आहे.

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विजेच्या मोटारी शहरांत सर्रास फिरत होत्या, पण शिसे-आम्लाची जड बॅटरी, तोकडा पल्ला आणि स्वस्त होत गेलेले पेट्रोल यांनी त्यांना मागे ढकलले. 1912 च्या कॅडिलॅकवर सेल्फ-स्टार्टर आला आणि पेट्रोल गाडीसमोर उभे राहून हँडल मारण्याची गरज संपली, तेव्हा विजेच्या गाडीची उरलीसुरली सोयही गेली.

भारतात 1993 मध्ये केरळातल्या चालकुडीच्या एडी करंट कंट्रोल्स या कंपनीने ‘लव्हबर्ड’ ही दोन आसनी विजेची गाडी दिल्लीत दाखवली, पण ती फारशी विकली गेली नाही. खरी सुरुवात झाली ती बंगळुरूच्या रेवामुळे. चेतन मैनी यांनी मिशिगन विद्यापीठात शिकताना सौरगाडीच्या शर्यतीसाठी काम केले होते. पुढे मैनी समूह आणि कॅलिफोर्नियातील अमेरिगॉन यांच्या भागीदारीतून 1994 मध्ये कंपनी उभी राहिली आणि 2001 मध्ये रेवा बाजारात आली. या गाडीकडे थोडे जवळून पाहायला हवे. दोन दारे, नळ्यांचा सांगाडा, त्यावर प्लास्टिकचे पॅनेल आणि पुढच्या आसनांखाली 6 व्होल्टच्या आठ शिसे-आम्ल बॅटऱ्या. या बॅटऱ्यांत वेळोवेळी डिस्टिल्ड वॉटर भरावे लागे आणि रात्रभर चार्जिंग केल्यावर गाडी साधारण 80 किलोमीटर जाई. त्या आठ बॅटऱ्या मिळून अडीचशे किलोंच्या वर भरत, म्हणजे गाडीच्या एकूण वजनाचा तिसरा हिस्सा तरी निव्वळ बॅटऱ्यांचा होता, आणि एवढे वजन वाहून त्यात साठत असे जेमतेम साडेनऊ युनिट वीज. मोटर, कंट्रोलर आणि बॅटरीवर देखरेख ठेवणारी यंत्रणा हे सगळे त्या काळाच्या मानाने उत्तम होते. मारुती 800 पेक्षा महाग असलेली ही गाडी मागे पडली ती आसनाखालच्या शिशामुळे.

लंडनमध्ये 2003 साली शहराच्या मध्यभागात येणाऱ्या गाड्यांवर गर्दीकर सुरू झाला आणि विजेच्या गाड्यांना त्यातून सूट मिळाली, तेव्हा ‘जी-विझ’ नावाने गेलेल्या रेवाला तिथे मायदेशापेक्षा चांगले गिऱ्हाईक भेटले. कायद्याच्या दृष्टीने ती मोटार नसून क्वाड्रिसायकल, म्हणजे हलके चारचाकी वाहन होती, त्यामुळे मोटारीच्या धडक-चाचण्या तिला लागू नव्हत्या. 2007 मध्ये तिथल्या एका मोटार मासिकाने खासगीरीत्या चाचणी करून घेतली, तिचा निकाल वाईट आला आणि गाडीची बदनामी झाली. ती टीका रास्त होती असेच मी म्हणेन, कारण गाडी हलकी ठेवण्याच्या खटपटीत सुरक्षिततेशी तडजोड झाली होती. मात्र गाडी इतकी हलकी ठेवणे भाग पडले, तेही बॅटरीच्याच वजनामुळे.

मे 2010 मध्ये महिंद्राने रेवातला 55.2 टक्के हिस्सा घेतला. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने विजेच्या वाहनांना किमतीच्या 20 टक्क्यांपर्यंत अनुदान जाहीर केले आणि मार्च 2012 अखेर ते थांबलेसुद्धा. पुढची योजना, म्हणजे फेम, सुरू झाली 1 एप्रिल 2015 रोजी. मधल्या तीन वर्षांत, मार्च 2013 मध्ये, महिंद्राची लिथियम-आयन बॅटरीची ई-टू-ओ बाजारात उतरली. भारतीय कंपनीने सर्वसामान्य ग्राहकासाठी लिथियमची गाडी आणली, तीही नेमकी अनुदानाच्या कोरड्या काळात, याची मला आजही हळहळ वाटते. 2019 मध्ये ती बंद झाली.

धोरणातली ही धरसोड पुढेही चालू राहिली. सप्टेंबर 2017 मध्ये नितीन गडकरी यांनी मोटार उत्पादकांच्या मेळाव्यात पेट्रोल-डिझेल सोडण्याचा सज्जड इशारा दिला, आणि काही महिन्यांतच इलेक्ट्रिक वाहनांसाठी वेगळ्या धोरणाची गरज नसल्याचे त्यांच्याकडूनच सांगण्यात आले. त्याच सुमारास सरकारी कंपनी ईईएसएलने 10,000 विजेच्या गाड्यांची निविदा काढली. टाटांनी टिगोर देऊ केली, काही गाड्या महिंद्राकडून घेण्याचे ठरले, पण ठरलेल्या संख्येच्या जवळपासही गाड्या रस्त्यावर आल्या नाहीत. उद्योगाची बाजूही इथे मांडायला हवी. जानेवारी 2016 मध्ये सरकारने गाड्यांच्या धुरासाठीचे बीएस-पाच मानक ओलांडून थेट बीएस-सहा हे मानक 1 एप्रिल 2020 पासून लागू करण्याचे ठरवल्यामुळे कंपन्यांचा पैसा आणि इंजिनीअर त्या कामाला जुंपले गेले होते. विजेच्या गाडीला त्यातून काय उरणार?

या पार्श्वभूमीवर 28 जानेवारी 2020 रोजी आलेल्या टाटांच्या नेक्सॉन ईव्हीचे महत्त्व समजते. पुण्याजवळच्या रांजणगावात बनणाऱ्या या गाडीत 30.2 युनिटची बॅटरी होती, म्हणजे रेवाच्या तिपटीहून अधिक, आणि किंमत 13.99 लाखांपासून सुरू होत होती. एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेच्या चाचणीत तिचा पल्ला 312 किलोमीटर भरला. रोजच्या वापरात तो त्याहून बराच कमी पडतो, कारण प्रयोगशाळेतल्या चाचणीत ना खंडाळ्याचा चढ असतो ना मे महिन्यातला एसी. पण उतरणीवर ॲक्सिलरेटरवरून पाय उचलताच मोटर उलट जनित्रासारखी चालून बॅटरीत थोडी वीज परत भरते आणि ब्रेकला पाय न लावता गाडी वेग आवरते, हा अनुभव घाटातल्या कोणत्याही डिझेल गाडीत मिळत नाही. विशेष म्हणजे 10,000 कोटींच्या फेम-2 योजनेत खासगी मोटारीला थेट अनुदान नव्हते. जीएसटी 1 ऑगस्ट 2019 पासून 12 वरून 5 टक्क्यांवर आला, त्याचा आधार होताच, पण ही गाडी मुख्यतः स्वतःच्या गुणांवर खपली. पेट्रोल-डिझेलच्या नेक्सॉनमधून इंजिन काढून तिथे बॅटरी-मोटर बसवण्याच्या या पद्धतीला नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. मला मात्र तो व्यवहारी निर्णय वाटतो, कारण त्यामुळेच पहिल्या ग्राहकाला परवडेल अशी गाडी वेळेत तयार झाली. बॅटरीचे पॅक इथे जोडले जात होते, पण त्यातले सेल, म्हणजे प्रत्यक्ष वीज साठवणारे बॅटरीचे मूळ घटक, येत होते चीनमधून.

सेलच्या दर्जाचा प्रश्न 2022 मध्ये रस्त्यावर आला. मार्चमध्ये पुण्याच्या लोहगावात भररस्त्यात एक ई-स्कूटर पेटली, त्यानंतर देशात ठिकठिकाणी तशाच घटना घडल्या, आणि केंद्राने तज्ज्ञ समिती नेमून एआयएस-156 या बॅटरी-सुरक्षेच्या मानकात कडक तरतुदी घातल्या. सेल, पॅकची रचना आणि देखरेख यंत्रणा या तिन्हींची परीक्षा त्यामुळे सक्तीची झाली.

नोव्हेंबर 2024 मध्ये महिंद्राने बीई 6 आणि एक्सईव्ही 9ई या गाड्या आणल्या. या चाकणला बनतात आणि त्यांचा पाया सुरुवातीपासूनच विजेच्या गाडीसाठी आखलेला आहे. रेवा विकत घेतलेली कंपनी चौदा वर्षांनी इथवर पोहोचली याचा मला मनापासून आनंद आहे. तरीही त्यांच्या बॅटरीतले ‘ब्लेड’ नावाचे लांबट सेल बीवायडी या चिनी कंपनीचे आहेत. एप्रिल 2025 मध्ये चीनने दुर्मीळ मृदा धातू आणि विजेच्या मोटरीत लागणाऱ्या त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचे निर्बंध घातले, तेव्हा बजाजच्या चेतक या ई-स्कूटरच्या उत्पादनालाही फटका बसला. आजवर जिची कधी अडचण नव्हती, ती मोटरसुद्धा अशा रीतीने परावलंबी निघाली.

सेल देशात बनावेत म्हणून मे 2021 मध्ये केंद्राने 50 गिगावॅट-तास (म्हणजे पाच कोटी युनिट) क्षमतेसाठी 18,100 कोटींची योजना मंजूर केली होती. 2022 च्या निवडीत ओला, रिलायन्स, राजेश एक्स्पोर्ट्स ही नावे आली, आणि पिढ्यान्‌पिढ्या बॅटऱ्या बनवणाऱ्या एक्साइड व अमर राजा या कंपन्या प्रतीक्षायादीत राहिल्या. सोन्याच्या व्यापारातली राजेश एक्स्पोर्ट्स आत आणि बॅटरीतल्या कंपन्या बाहेर, ही निवड मला तेव्हाही पटली नव्हती. योजनेतली कामे मुदतीपेक्षा मागे पडली. दरम्यान एक्साइडने बंगळुरूत आणि अमर राजाने तेलंगणात दिवितीपल्लीला, योजनेच्या अनुदानाची वाट न पाहता, लिथियम सेलच्या कारखान्यांची कामे हाती घेतली.